मी स्वतः सील केलेला कोट

शुक्रवारी दुपारी सव्वातीन वाजता मी एका लाँड्रीला कुलूप लावलं, कुलपाभोवती फडकं गुंडाळलं, त्यावर लाख ओतली आणि कोर्टाचा शिक्का दाबला. हे काम मी इतक्या सफाईने केलं की रस्त्यावर जमलेल्या आठ-दहा माणसांपैकी दोघांनी मान डोलावली. बावीस वर्षांच्या वकिलीत माझ्या युक्तिवादावर कुणी मान डोलावल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे लाख वाळून गेली तरी मी आणखी पाच मिनिटं तिथे उभा होतो.

लाँड्री दोघा साडूंची. दोन सख्ख्या बहिणी या दोघांना दिलेल्या, आणि बहिणींचं अजूनही उत्तम जमतं. बिघडलं ते साडूंचं, आणि तेही काउंटरवरच्या एकुलत्या एका खुर्चीवर कोणी बसायचं यावरून. आणखी एक खुर्ची आणावी असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. थोरला साडू कोर्टात गेला, धाकट्याने उलट दावा लावला, आणि न्यायाधीशांनी कंटाळून माझी रिसीव्हर म्हणून नेमणूक केली. रिसीव्हर म्हणजे भांडणाऱ्यांची वस्तू भांडण मिटेपर्यंत कोर्टाच्या वतीने सांभाळणारा माणूस. हुकूम स्पष्ट होता. दुकान ताब्यात घ्या, सील करा, पुढच्या तारखेपर्यंत आतली काडीही हलवू नका. मी हलवली नाही.

इथे माझ्या कोटांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. माझी वकिली दुहेरी आहे. अर्धा दिवस मी माझ्या पक्षकारांचा वकील असतो आणि उरलेला अर्धा दिवस कोर्ट मला जे नेमील ते. कधी रिसीव्हर, कधी मोजणीचा कमिशनर, कधी ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचा वकील. सकाळी ज्याच्याविरुद्ध तावातावाने बोलायचं, दुपारी त्याच्याच भिंतीची निःपक्षपातीपणे मापं घ्यायची. यात माणसाचा गोंधळ उडतो. तो उडू नये म्हणून मी दोन काळे कोट ठेवले आहेत. चांगला, अस्तर धड असलेला तो खासगी कोट. कोपरं झिजलेला तो सरकारी. कोणता कोट अंगात आहे ते पाहिलं की आपण आत्ता कोण आहोत ते समजतं. बायकोच्या मते एवढ्यासाठी कोट लागत असेल तर डॉक्टरला दाखवायला हवं.

शनिवारी सकाळी मी बाईंच्या केसची फाइल काढली. बाई म्हणजे माझ्या सगळ्यात जुन्या पक्षकार, निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं त्या दोन खोल्यांत राहतात. जुन्या मालकाने स्वतःच्या हाताने पत्र लिहून दिलं होतं की बाई हयात असेपर्यंत त्यांना इथून कोणी उठवू नये. मालक गेला आणि त्याच्या पुतण्याला खोल्या रिकाम्या हव्या झाल्या. सात वर्षं केस चालली होती आणि आमच्या बाजूला पुरावा म्हणून ते एक पत्र होतं. त्याची नक्कल कोर्टात होती. अस्सल पत्र सोमवारी हजर करायचं होतं. ते नसेल तर महिनाअखेर बाईंचं सामान रस्त्यावर येणार होतं. गेल्या बुधवारी बाईंनी ते माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते जिवापाड जपायचं म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं.

"अगं, माझा खासगी कोट कुठाय?"

"लाँड्रीत दिलाय," बायको आतून म्हणाली. "गुरुवारी. वास यायला लागला होता त्याला."

"कुठल्या लाँड्रीत?"

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आपल्या कोपऱ्यावरच्या. दुसरी आहे कुठे?"

मी खुर्चीवर बसलो. खुर्ची तिथेच होती हे नशीब.

"खिसे बघितले होतेस?"

"बाहेरचे बघितले. आतलं काय असेल ते काढून घ्या म्हणून तुम्हाला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तुम्ही पेपर वाचत हो हो म्हणालात."

मला ते 'हो हो' आठवत नव्हतं, पण मी तसं म्हटलं असणार यात शंका नव्हती. मी नेहमी तसंच म्हणतो.

आता परिस्थिती अशी होती. पत्र कोटात, कोट लाँड्रीत, लाँड्री सीलमध्ये, आणि सील माझ्या ताब्यात. वरवर पाहता हे सोपं वाटतं. पण सील माझ्या ताब्यात असलं तरी ते माझं नव्हतं, कोर्टाचं होतं. ते मी लावू शकत होतो, काढू शकत नव्हतो. काढायचं तर कोर्टाची परवानगी, परवानगीसाठी अर्ज, आणि अर्जात कारण. आणि कारण काय लिहिणार, तर पक्षकाराचं अस्सल कागदपत्र खिशात घालून हिंडणाऱ्या वकिलाने ते धुवायला टाकलं आणि वर स्वतःच सील केलं.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. तरीही अकरा वाजता वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चौकशीला आले. आमच्या इमारतीत भिंती फार पातळ आहेत.

"लाखेचं सील ना?" ते खुर्ची ओढून घेत म्हणाले. "तीस वर्षं पोस्टात काढली, वकीलसाहेब. सील अलगद कसं उचलायचं, म्हणजे ते उचलू नये म्हणून काय काळजी घ्यायची, हे मला पक्कं माहीत आहे. पातळ सुरी घ्यायची, गरम करायची..."

"मी कोर्टाचा अधिकारी आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर सुरी माझी देतो."

मी सुरी घेतली नाही. मात्र मागच्या बाजूला एक खिडकी आहे हे त्यांनी जाता जाता सांगितलं, आणि नुसतं पाहून यायला कायद्याची हरकत नसावी असं मला वाटलं. दुपारी मी जाऊन पाहिलं. काचेला नाक लावलं की आत कोटांची रांग दिसत होती. काळे कोट, सगळे काळे. कोर्ट शेजारच्याच रस्त्यावर असल्याने गावातले अर्धे वकील तिथेच कपडे देतात हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. यातला माझा कोणता ते शोधत मी दोन पायऱ्या वर चढलो, आणि पाठीमागून कोणीतरी खाकरलं. थोरला साडू होता.

"रिसीव्हरसाहेब, धाकट्याने पाठवलं का तुम्हाला?"

मी म्हणालो, मी पाहणी करतोय. तो म्हणाला, पुढून पाहणी होत नाही का. मी म्हणालो, पुढून सील आहे. तो म्हणाला, तेच तर. मी पायऱ्या उतरून घरी आलो.

रविवारी संध्याकाळी बाई आल्या. त्या कधी येत नाहीत. त्या खुर्चीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या तारीख आहे. पत्र नीट ठेवलंय ना?"

खोटं बोलायचं नाही हे मी मनात पक्कं केलं होतं.

"बाई, कोर्टाच्या सीलमध्ये आहे."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. "मग काळजी नाही," त्या म्हणाल्या. "मला दोन रात्री झोप नव्हती. या वयात नवीन खोल्या कोण देणार मला?" त्या गेल्यावर बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि का ते तिनेही विचारलं नाही.

सोमवारी मी सरकारी कोट घालून बाईंच्या केसला उभा राहिलो. समोर पुतण्याचे वकील होते. त्यांना आम्ही पाठीमागे हरकतराव म्हणतो, कारण समोरच्याने नमस्कार केला तरी ते हरकत घेतात. मी पत्रासाठी मुदत मागितली. त्यांनी हरकत घेतली. न्यायाधीश चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बुधवारी अकरा वाजता. ही शेवटची मुदत."

मग मी अर्ज घेऊन शिरस्तेदारांकडे गेलो. कोर्टात कागद आत जायचा तर त्यांच्या टेबलावरून जातो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"अर्जदार कोण?"

"मी. म्हणजे लाँड्रीचं गिऱ्हाईक म्हणून."

"आणि सामनेवाला?"

"मीच. रिसीव्हर म्हणून."

"मग सामनेवाल्याला नोटीस काढावी लागेल."

"मी घेतो ना ती. आत्ताच घेतो. माझी काही हरकत नाही."

"तुमची नसेल," शिरस्तेदार म्हणाले, "पण तुम्हीच अर्ज करणार आणि तुम्हीच हरकत नाही म्हणणार, तर उद्या साडू म्हणतील की रिसीव्हर अर्जदाराला सामील आहे." हा मुद्दा बिनतोड होता. मी माझ्याशी पुरता सामील होतो. "पावती कुणाच्या नावाची आहे?" त्यांनी विचारलं. पावती बायकोच्या नावाची निघाली. "मग अर्ज त्यांनी करायचा. आणि तुम्ही त्यांचे वकील होऊ शकत नाही."

बायको अडीच वाजता आली. ती घरच्या कपड्यांवर, हातातली कामं टाकून आली होती. तिला पिंजऱ्यात उभं करायची गरज नव्हती, पण ती आपली जाऊन उभी राहिली.

"साहेब, यांचा कोट आत आहे आणि कुलूप यांनीच लावलंय," ती म्हणाली.

"का लावलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा. मी वीस वर्षं विचारतेय."

न्यायाधीशांनी मला विचारलं नाही. ते हळूच म्हणाले की एक अडचण आहे, त्यांचा स्वतःचाही एक कोट त्याच लाँड्रीत आहे. तेव्हा त्यांनी हा अर्ज ऐकावा का? सगळं कोर्ट विचारात पडलं. धाकट्या साडूने न्यायाधीशांनी ऐकायला संमती दिली. धाकट्याने दिली म्हणून थोरल्याने नाकारली. शिवाय रिसीव्हर शनिवारी खिडकीला लोंबकळताना दिसला होता, हेही त्याने लेखी दिलं. मी लोंबकळत नव्हतो, उभा होतो, पण ते नोंदवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मागच्या बाकांवरून एकेक वकील उठून आपलाही कोट आत असल्याचं सांगू लागला. हरकतरावांचे तर दोन होते. तेव्हा थोरल्याच्या वकिलानेच त्याला हाताला धरून खाली बसवलं, आणि हुकूम झाला. मंगळवारी पंचनामा करून सील उघडावं, गिऱ्हाइकांना कपडे द्यावेत, पुन्हा सील करावं.

मंगळवारी लाँड्रीसमोर जेवढे वकील जमले होते तेवढे मी कोर्टातही एकत्र पाहिले नव्हते. मी सील फोडलं. एकेका कोटाचा नंबर वाचला जात होता आणि कोट बाहेर येत होता. एक्केचाळीस नंबरचा माझा. मी तिथल्या तिथे आतला खिसा चाचपला. खिसा रिकामा होता, अस्तरसुद्धा इस्त्री केलेलं होतं.

मी तिथल्या जुन्या इस्त्रीवाल्याला गाठलं. लाँड्री उघडली तेव्हापासून तो तिथे आहे, आणि साडूंच्या भांडणात तो कुणाच्याच बाजूचा नाही.

"खिशातलं काय केलंत?"

"डब्यात असतं साहेब. नंबर टाकून," तो म्हणाला. त्याने बिस्किटांचा एक मोठा डबा उघडला. किल्ल्या, गोळ्या, चिठ्ठ्या, आणि एका चिमट्यात, एक्केचाळीस नंबर लावलेलं पत्र. पत्र काटकोनात ताठ उभं होतं.

"फार चुरगळलं होतं," तो अभिमानाने म्हणाला. "मला वाचता येत नाही, पण कागद जुना, म्हणजे महत्त्वाचा असणार. हलक्या हाताने खळ दिली, इस्त्री फिरवली. घडी म्हणून राहू दिली नाही."

मी त्याला मिठी मारली. पंचनाम्यात 'कोट एक्केचाळीसच्या खिशातील कागद, एक, इस्त्री केलेला' अशी नोंद झाली आणि पंच म्हणून हरकतरावांनी सही ठोकली. दोन्ही कोट मिळाल्याने ते खुशीत होते. मीही खुशीत होतो. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

बुधवारी अकरा वाजता खासगी कोट घालून मी पत्र कोर्टात दिलं. बाई पहिल्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. हरकतरावांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं, उजेडात धरलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ झाला की मला भीती वाटते.

"साहेब, बाईंनी शपथेवर लिहून दिलंय की हे पत्र चाळीस वर्षं चौघडी घालून डब्यात होतं. नक्कल पाहा. नकलेत घड्या दिसतात. आता हे अस्सल पाहा. एकसुद्धा घडी नाही. नक्कल जुनी आणि अस्सल कोरं करकरीत, हे मी तरी आजवर पाहिलेलं नाही. हे परवा कुणीतरी बसून लिहिलंय."

न्यायाधीशांनी पत्र टेबलावर ठेवलं. ते उभं राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "खुलासा?"

बाई गोंधळून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इस्त्रीवाल्याला बोलावलं असतं तर त्याने 'एक कागद' एवढंच सांगितलं असतं, कोणता ते नाही. तो कागद म्हणजे हेच पत्र, हे सांगू शकणारा गावात एकच माणूस होता, आणि वकील आपल्याच केसमध्ये साक्षीदार होऊ शकत नाही. सांगायचं तर बाईंची केस सोडावी लागणार होती. शिवाय सगळ्या वकिलांसमोर सगळंच सांगावं लागणार होतं. पेपर, हो हो, लाख, खिडकी, सगळं. मग बाईंनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

"साहेब, मी वकालतनामा मागे घेतो," मी म्हणालो. "मला साक्ष द्यायची आहे."

मी पिंजऱ्यात गेलो. बाहेरून रोज दिसतो त्यापेक्षा तो बराच अरुंद आहे. शपथ झाली. हरकतराव पुढे आले.

"साक्षीदाराने आधी एक स्पष्ट करावं. सोमवारी आपण बाईंचे वकील होता, दुपारी अर्जदाराचे यजमान, मंगळवारी रिसीव्हर. आज आपण इथे नेमके कोण?"

हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता.

"पत्र ज्याच्या खिशात होतं, तो मी," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं, दाबलं गेलं, पुन्हा फुटलं. न्यायाधीश हसले नाहीत.

"खिसे बघा म्हणून पत्नीने किती वेळा सांगितलं होतं?" हरकतरावांनी विचारलं.

"तीनदा."

"आणि आपण काय म्हणालात?"

"हो हो."

टायपिस्टने ते तसंच टाइप केलं. माझी साक्ष अजून कोर्टाच्या दप्तरात आहे, आणि पान दोनवर 'साक्षीदार म्हणाला, हो हो' असं छापलेलं आहे. इस्त्रीवाल्याने खळ दिल्याचं सांगितलं. हरकतरावांना त्यांचीच पंचनाम्यावरची सही दाखवण्यात आली, तेव्हा त्यांनी तीवर हरकत घेऊन पाहिली.

न्यायाधीशांनी तिथेच हुकूम सांगितला. स्वतःची एवढी शोभा कोणी मुद्दाम रचून करून घेईल असं कोर्टाला वाटत नाही. पत्र ग्राह्य धरण्यात येतं. बाईंना खोल्यांमधून उठवू नये. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले की लाँड्रीच्या रिसीव्हरपदातूनही ते मला मोकळं करत आहेत, साडूंनी एक खुर्ची विकत आणावी.

एक वाजता मी व्हरांड्यात उभा होतो. बाईंचा वकील नव्हतो, रिसीव्हर नव्हतो, साक्षही संपली होती. आत जावं की घरी, ते समजत नव्हतं. जिन्यावरून उतरणारे वकील माझ्या पाठीवर थाप मारून जात होते आणि दोन पायऱ्या खाली गेल्यावर हसत होते.

बाई आल्या. "चला," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोन रस्ते चालत गेलो. एका जुन्या इमारतीचा जिना चढून त्यांनी दार उघडलं, आणि हे बाईंचं घर आहे हे मला तेव्हा समजलं. सात वर्षं मी या खोल्यांसाठी भांडलो होतो आणि कधी पाहिल्या नव्हत्या. मी नकाशावरून बोलायचो. आत एक पलंग, एक टेबल, भिंतीवर वर्गांचे फोटो, आणि एक मोठी खिडकी. ती नकाशात दाखवलेलीच नव्हती.

मी उंबऱ्यापाशीच थांबलो. "बाई, मी आता तुमचा वकील नाही. साक्षीदाराने घरी येणं बरं दिसत नाही."

"मग पाहुणे म्हणून या," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाजवळची खुर्ची पुसली. "सात वर्षं मी कुणाला घरी बोलावलं नाही. घर राहील की नाही तेच माहीत नव्हतं, बोलावणार कशी? तुम्ही पहिलेच."

मी आत गेलो आणि बसलो. बाईंनी चहा ठेवला.